दोन बोटं वाढीव

टेपआजीच्या गळ्यातली टेप आंघोळीपुरती खुंटीवर जायची, एरवी नाही. पिवळी, कडा पिंजारलेली, सुरुवातीचे चार आकडे बोटांनी पुसून गेलेली. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, एकदा तर लेकीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर बसताना ती गळ्यात तशीच होती आणि फोटोतही आली. त्यावरून लेक अजून तिला टोमणे मारते.

रस्त्यावरच्या दोन शाळांचे गणवेश ती तीस वर्षं शिवत आली होती. तळमजल्यावर पुढची खोली शिवणाची, मागे तिचं स्वयंपाकघर आणि झोपायची जागा, वर लेक, जावई आणि सात वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे. ती कधीही एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

टेपआजीच्या शिवणाची ख्याती कशाची, तर दोन बोटांची. पोराला हाताला धरून आईबाप यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "जरा वाढत्या अंगाचं शिवा हं." ते न म्हणते तरी तिने तेच केलं असतं. टेप खांद्यावरून सोडायची, जिथे कपडा संपायला हवा तिथे डावा अंगठा टेकवायचा, त्याखाली उजव्या हाताची दोन बोटं आडवी ठेवायची आणि बोटांच्या पलीकडचा आकडा मोठ्याने सांगायचा. बाहीला दोन बोटं, लांबीला दोन बोटं. ही बोटं कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती. "कपड्याने पोराची वाट बघायची असते," असं ती म्हणायची. आणि खरंच, वर्ष सरता सरता पोर बरोबर त्या कपड्यात येऊन बसायचं.

समोर बसून आकडे लिहून घेणारी होती काजवाली. काजं करणं, बटणं लावणं, दुमड घालणं ही तिची कामं. वयाने टेपआजीएवढीच, आणि जिभेला हातातल्या सुईपेक्षा जास्त टोक.

तर या घराने परदेशी सुट्टीला जायचं ठरवलं होतं. देशाबाहेर याआधी कुणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे तयारी म्हणजे विचारू नका. जावई बसगाड्यांची वेळापत्रकं आखायच्या नोकरीत. टेबलाएवढा कागद त्याने फ्रिजशेजारच्या भिंतीवर चिकटवला, सहा दिवसांचे सहा रकाने पाडले आणि रोज संध्याकाळी कामावरून आला की बूटसुद्धा न काढता त्यासमोर उभा राहायचा.

"आठ दहा, हॉटेलखालून बस. आठ बेचाळीस, उद्यानाचं फाटक. आठ बेचाळीस ते नऊ, राखीव." लेकीने मोठ्याने वाचलं. "राखीव म्हणजे?"

"काही बिघडलं तर."

"काय बिघडणार आहे?"

"ते बिघडल्यावर कळतं."

"आपण सुट्टीला चाललोय की ड्युटीला, एकदा सांगून टाक."

लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांच्या कुरकुरी ऐकून तिला घरात कुरकुर खपत नसे. म्हणून तिने नियम घातला: प्रत्येकाने एकेक गोष्ट निवडायची आणि बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता बरोबर जायचं. तिने स्वतः निवडलं मत्स्यालय. तिथे काचेचा बोगदा होता आणि डोक्यावरून मासे जायचे. जावयाने निवडलं जुन्या ट्रामगाड्यांचं संग्रहालय. "सुट्टीतही डेपोच!" असं म्हणून लेकीने आपलाच नियम जागच्या जागी मोडला.

"आई, तुमचं काय लिहू?" जावयाने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, जावईबापू. तुम्ही पाळण्यांत बसा, मी खाली पिशव्या सांभाळते. सावलीतला एखादा बाक मिळाला की झालं."

जावयाने गंभीरपणे लिहिलं: आई – बाक (सावलीतला).

भिंगरीची निवड सगळ्यांना पाठ होती. ज्वालामुखी. ज्या पाळण्यांच्या उद्यानात ते जाणार होते, त्यातला हा सगळ्यांत मोठा पाळणा; पाळणा म्हणायचं इतकंच, खरं म्हणजे रुळांवरची गाडी. खोट्या डोंगराच्या पोटातून घरघरत वर चढायची, तोंडाशी क्षणभर थबकायची आणि धुरातून सरळ खाली. भिंगरीने तिची चित्रफीत इतक्या वेळा पाहिली होती की गाडी कुठे वळते, कुठली बाई कुठे किंचाळते, हे तिला तोंडपाठ होतं. दाराशी ज्वालामुखीचं एक लाकडी बाहुलं उभं होतं, हात आडवा धरून. हाताखाली लिहिलेलं: एकशे वीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्यांना प्रवेश नाही.

सुट्टी खरं तर गेल्या वर्षीच व्हायची. पण तेव्हा भिंगरी कमी भरत होती. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "मग मी बाकावर बसून काय करू?" तेव्हा टेपआजीनेच शब्द टाकला होता. "एक वर्ष थांबा. पोरीचं अंग वाढतंय, माझ्या हाताला कळतं. पुढच्या वर्षी बसेल ती त्यात." आणि तिचा शब्द मानून सगळे थांबले.

शिवणाच्या खोलीत कापडाचं उंच कपाट होतं. त्याच्या दारावर, भिंगरी तीन वर्षांची झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, टेपआजी रेघ मारायची. भिंगरीने स्वतः टेप लावून एकशे विसाची जागा शोधली आणि तिथे लाल पेन्सिलीने जाड रेघ ओढून ठेवली. मग महिन्यामागून महिने आजीच्या निळ्या रेघा मुंगीच्या पावलांनी त्या लाल रेघेकडे सरकत राहिल्या. तीन महिन्यांपूर्वीच्या रविवारी निळी रेघ लाल रेघेच्या वर गेली. भिंगरीने मागे वळून पाहिलं, आणि तिला स्वर्ग दोन बोटं उरला. पायऱ्या चढत ओरडत गेली, "झाले! मी झाले!" जावयाने त्याच आठवड्यात विमानाची तिकिटं घेतली आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: ९.३० – ज्वालामुखी. त्या साडेनऊसाठी मत्स्यालय तिसऱ्या दिवशी ढकललं, ट्रामगाड्या पाचव्या.

निघायला तीन आठवडे उरले असताना, एका मंगळवारी, भिंगरी शाळेतून आली ती दप्तर शिवणाच्या यंत्रावर आपटतच.

"आजी, आज शाळेत डॉक्टर आले होते. त्यांनी माझी उंची एकशे अठरा लिहिली. चुकीची! तू सांग ना त्यांना."

टेपआजीने तपासणीचं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला. एकशे अठराच होतं.

"त्यांची पट्टी भिंतीवर वर-खाली लागली असेल," ती म्हणाली. "ये, उभी राहा."

भिंगरी कपाटाला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवून, हनुवटी सरळ. तिला आता शिकवावं लागत नसे. टेपआजीने निळी पेन्सिल घेतली, रेघ मारली, टेप लावली. एकशे साडेएकवीस.

"बघ."

"मला माहीतच होतं," भिंगरी म्हणाली आणि खेळायला पळाली.

काजवालीने दातांनी दोरा तोडला. "अगं," ती म्हणाली, "तू तिच्या डोक्यावर बोटं कशाला ठेवलीस?"

"कुठली बोटं?"

"कुठली म्हणजे? तुझी. ही दोन. डोक्यावर आडवी ठेवलीस आणि बोटांच्या वरून रेघ मारलीस."

"काहीतरीच!"

"पोरीच्या डोक्याला काय दुमड घालायची आहे?"

टेपआजी हसली. मग काजवालीला म्हणाली, "तू उभी राहा बघू." काजवाली कुरकुरत उठली. टेपआजीने पेन्सिल उचलली आणि या वेळी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात आपण होऊन वर गेला. तर्जनी आणि मधलं बोट काजवालीच्या डोक्यावर आडवी जाऊन बसली. कुणी सांगायला नको, काही नको. तीस वर्षं जे अंगवळणी पडलं होतं ते बोटांनी केलं.

तिने हात खाली घेतला आणि कपाटाच्या दारासमोर उभी राहिली. खालपासून वरपर्यंत रेघाच रेघा. तीन वर्षांच्या भिंगरीपासूनची एकूण एक रेघ दोन बोटं वर. पोर वाढत होती, रेघा वाढत होत्या, म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं. गेल्या वर्षीही, कमी भरली तेव्हाही, ती वाटली त्यापेक्षा कमी होती.

"बाई गं," ती म्हणाली आणि कापायच्या टेबलाच्या कडेवर टेकली.

"त्यात काय एवढं?" काजवाली म्हणाली. तिला गोष्टी पटकन मिटवायची हौस. "बुटात जाड कापडाचे तळवे घाल. दोन बोटं काय, अडीच वाढतील. गेटवरचा माणूस काय बूट काढायला लावणार आहे?"

 बुधवारी दुपारी टेपआजीने कोटाला लावायच्या जाड कापडाचे चार-चार थर एकावर एक टाचले, भिंगरीच्या बुटाच्या मापाने कापले, कडेने टीप मारली. काम इतकं सफाईदार झालं की तिचं तिलाच बरं वाटलं. गुरुवारी ते तळवे खोक्यात ठेवले. लेक खाली चहा प्यायला आली तेव्हा खोकं कापडाखाली सरकवलं, आणि आपण हे का केलं, याचा तिला राग आला. घरात ती आजवर कुणापासून काही लपवत नव्हती, अगदी शिळं बिस्किटसुद्धा नाही, असं लेक गमतीने म्हणायची.

शुक्रवारी एक आई आपल्या लेकीला घेऊन आली, नवा स्कर्ट घालून बघायला. मुलगी भिंगरीच्याच वयाची. कमरेला भरपूर वाढीव ठेवलेलं होतं, आईने मुद्दाम सांगितलं होतं तसं. आरशासमोर मुलगी खूश झाली आणि दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीला स्कर्ट कमरेवरून सुटला तो थेट घोट्याशी. मुलगी हसली, आई हसली, काजवाली तर डोळे पुसायला लागली. टेपआजीही हसली आणि मग एकदम थांबली.

स्कर्ट सुटला तर हसू येतं. एक पिन लावली की काम भागतं. कपडा वाट बघू शकतो. पण त्या गाडीत मांडीवर जो आडवा दांडा येतो, तो वाट बघत नाही. तोही कुणीतरी माप घेऊनच बनवलेला असणार. एकशे विसाच्या पोराला तो घट्ट बसतो म्हणूनच त्यांनी एकशे वीस लिहिलं असणार. उगीच नाही. त्या दांड्याशी दोन बोटं सैल म्हणजे काय, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला कळणार होतं?

"तळवे कुठे ठेवलेस?" काजवालीने जाताना हळूच विचारलं.

"माझ्या बुटांत घालणार आहे," टेपआजी म्हणाली. "सहा दिवस चालायचंय."

रविवारी सकाळी सगळे कागदासमोर जमले. जावई चौथ्या दिवसाच्या परतीच्या बसचं काही बदलत होता. टेपआजी जिना चढून वर आली. गळ्यात टेप नव्हती. लेकीच्या ते आधी लक्षात आलं.

"आई, बरं नाही का तुला?"

"बरी आहे. एक सांगायचंय. सगळ्यांनाच." आणि तिने सांगितलं. बोटं कशी ठेवते ते दाखवलं, फ्रिजवर हात टेकून. शाळेचं कार्ड टेबलावर ठेवलं. "डॉक्टरांचं बरोबर आहे. ती एकशे अठरा आहे. माझं चुकलं."

"तुझं? माप?" लेक म्हणाली. तिचा विश्वासच बसेना. लहानपणापासून तिने आईला कशात ना कशात चुकताना पाहिलं होतं, पण मापात नाही.

 जावयाने ९.३० कडे बघितलं. पेन्सिलीच्या मागचं रबर आपसूक पुढे आलं, पण त्याने खोडलं नाही. भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरी उभी होती तिथेच उभी होती. भिंगरीचं असं उभं राहणं कुणालाच सवयीचं नव्हतं. मग ती जिना उतरून खाली गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं टेपआजीला वाटलं.

ती खाली आली तेव्हा भिंगरी कापायच्या टेबलाखाली बसली होती, चिंध्यांच्या पोत्याला टेकून. टेपआजी खाली वाकली, गुडघे कुरकुरले, मग तीही फरशीवर बसली.

"म्हणजे मी कमी झाले?" भिंगरीने विचारलं.

"नाही. जेवढी होतीस तेवढीच आहेस. मी जास्त सांगितलं."

"खोटं सांगितलंस."

"चुकून सांगितलं. मला मंगळवारी कळलं." टेपआजीने फरशीवरची एक टाचणी उचलली. "मंगळवारपासून आजपर्यंत सांगितलं नाही, ते मात्र खोटं."

भिंगरीने एक चिंधी उचलली, तिचे दोरे काढायला लागली. "पाच दिवस."

"हो. पाच."

"मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय."

"मला माहीत आहे."

"आता काय सांगू?"

"सांग, आमच्या आजीला माप घेता येत नाही."

भिंगरी हसली नाही. पण दोरे काढायची थांबली. "ते कुणी मानणारच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचे कपडे तूच शिवतेस." मग म्हणाली, "बघू तुझी बोटं."

टेपआजीने दोन बोटं पुढे केली. भिंगरीने त्यांवर आपली बोटं ठेवून मोजलं. आजीची दोन म्हणजे तिची साडेतीन भरली. मग ती टेबलाखालून बाहेर आली, कंपासपेटी घेऊन. "आता मी माप घेणार. पेटी ठेवून. बोटं नाही." तिने स्वतःचं घेतलं, आजीला पेटी धरायला लावून. एकशे अठरा, वर एक केसभर. शेवटच्या निळ्या रेघेच्या खाली तिने हिरवी रेघ मारली आणि जाड केली.

"आता तू उभी राहा."

"माझं काय करायचंय? मी एकशे पंचावन्न."

"राहा उभी."

टेपआजी कपाटाला पाठ लावून उभी राहिली. भिंगरी स्टुलावर चढली, पेटी तिच्या डोक्यावर सपाट ठेवली, रेघ मारली, टेप सोडली आणि वाकून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"एकशे एक्कावन्न! आजी, स्वतःचं तर तू माझ्या मापापेक्षा जास्त खोटं सांगत होतीस!"

"कुणी मोजलं होतं मला? लग्नाच्या वेळी आईने घेतलं होतं माप."

"तीही बोटं ठेवायची?"

टेपआजी विचारात पडली. शिवण ती आईकडूनच शिकली होती. "ठेवायची बहुतेक," ती म्हणाली, आणि आता मात्र दोघी हसल्या. काजवालीने ऐकलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं.

वर जावयाने तोवर उद्यानाचा नकाशा पसरला होता. भिंगरी आली तेव्हा तो म्हणाला, "गाड्या चुकतात, म्हणून तर राखीव ठेवतात. बरं झालं इथेच कळलं, आई. तिथे दारात कळलं असतं, तर त्यासाठी माझ्याकडे राखीव नव्हतं." त्याने बोट ठेवलं. "हे बघ, खाणीतली गाडी. हीसुद्धा डोंगरातून जाते. अंधार आहे, दोन उतार आहेत. एकशे पाचच्या वर चालतं, पण एकशे वीस होईपर्यंत शेजारी मोठं माणूस हवं."

भिंगरीने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. ज्वालामुखीपेक्षा डोंगर लहानच होता, ते तिला दिसत होतं, आणि आपल्याला ते दिसतंय हे तिने लपवलं नाही.

"मोठं माणूस म्हणजे किती?"

"मोठं म्हणजे मोठं. मी बसतो ना."

"एकशे एक्कावन्न चालेल?"

कुणी काही बोलायच्या आत टेपआजी म्हणाली, "छे, छे. माझी जागा ठरली आहे. लिहिलंय तिथे."

"तूच म्हणालीस पुढच्या वर्षी मी बसेन त्यात," भिंगरी म्हणाली. "मी नाही बसणार. मग तू बस. माझ्याशेजारी."

हा न्याय कुठल्या वेळापत्रकातला, ते जावयाला सांगता आलं नसतं. पण त्याने रबर घेतलं, आई या शब्दापुढचा बाक खोडला, सावलीसकट. आणि सासूकडे बघत पेन्सिल हवेत धरून थांबला.

"लिहा," टेपआजी म्हणाली. "पण पिशव्या तुम्ही सांभाळायच्या."

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, आठ बेचाळीसला नव्हे, नऊ वाजून पाच मिनिटांनी ते उद्यानाच्या फाटकाशी पोचले. सगळं राखीव तिथेच संपलं. भिंगरी आधी ज्वालामुखीपाशी गेलीच. बूट काढून लाकडी हाताखाली उभी राहिली, वर बघितलं, मधल्या जागेत स्वतःची बोटं घालून पाहिली. "दोन," तिने आजीला सांगितलं. "माझी दोन. पुढच्या वर्षी." वरून किंचाळ्या येत होत्या. ती गाडी पूर्ण खाली येईपर्यंत बघत राहिली आणि मग बूट घातले.

खाणीच्या गाडीत लाकडी बाक होते, त्यामुळे टेपआजी म्हणाली, "बघा, बाक मिळालाच." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. निळ्या टोपीतली बाई एकेकाच्या मांडीवर दांडा दाबत पुढे सरकत होती. ती पुढे गेल्यावर टेपआजीचा उजवा हात आपण होऊन उठला. भिंगरीच्या पोटाशी, दांड्याच्या आत, दोन बोटं घालायला गेली. जाईनात. एक गेलं, तेही अर्धंच.

"बसलंय?" भिंगरीने विचारलं.

"बसलंय. बरोबर बसलंय."

मग भिंगरीने आजीच्या दांड्याखाली आपली बोटं घालून पाहिली, तितक्याच मन लावून. गाडीला धक्का बसला. पुढे काळोख होता आणि त्यात रूळ वर चढत गेले होते.

"आता हात काढ आणि दांडा धर," भिंगरी म्हणाली. "आणि आजी, डोळे मिटायचे नाहीत हं. मी बघणार आहे."